द्रव्यशुद्धी आणि रुग्णालयातील वाद्ये

दापोली तालुक्यातील हर्णे हे सुवर्णदुर्गासमोरचे बंदर होय. कोकणातील इतर गावांप्रमाणे तेथेही शिमग्याच्या पालखीपुढे ढोल-सनई आणि भजनात मृदंग, टाळ व पेटी यांची साथ असते. समुद्रकाठच्या दमट हवेत ढोलाचे कातडे उतरते; ते उन्हात वा जाळाजवळ धरून चढवावे लागते. ढोलाचे कातडे, टाळाचा धातू, सनईचे लाकूड यांचा स्वभाव निराळा असतो हे वादकाला शास्त्र न वाचताही ठाऊक असते. हीच वाद्ये रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात जाऊन अनेक रुग्णांच्या हाती फिरू लागली म्हणजे त्यांची शुद्धी कशी करावी, असा प्रश्न उभा राहतो. प्रश्न नवा असला तरी त्याच्या मागे मोठा इतिहास आहे.

या इतिहासाचे पहिले प्रकरण धर्मशास्त्राचे. ज्यांचे शालेय शिक्षण दापोलीस झाले त्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) शुद्धिविचाराचा विस्तृत परामर्श घेतला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धी सांगितली आहे, ती द्रव्यपरत्वे. तांबे, लोखंड, कासे यांना क्षार, आम्ल व पाणी, लाकडाला तासणे, शंख व शिंग यांना पांढरी मोहरी, आणि गोमूत्र किंवा पाणी, चामड्याला वस्त्राप्रमाणे. एकाच उपायाने सर्व वस्तू शुद्ध होत नाहीत, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. परंतु अशुद्धी कोठून येते, याचे त्या विचाराने दिलेले उत्तर मात्र बहुधा माणसाच्या जन्माशी आणि धंद्याशी जाऊन भिडले. मृदंग देवळात मानाने वाजला. त्याचे कातडे कमावणारा देवळाबाहेर राहिला. वस्तूला शुद्धीचा मार्ग होता, माणसाला नव्हता.

शब्दांचा इतिहासही येथे बोलका आहे. 'उष्टे' हा शब्द 'उच्छिष्ट' यापासून आला. तोंडाचा स्पर्श झालेली वस्तू दुसऱ्याने वापरू नये, हा संकेत त्यात आहे. संस्कृत 'जंतू' म्हणजे कोणताही जीव. त्याचेच मराठी रूप 'जंत' पोटातील कृमींपुरते उरले, आणि मूळ तत्सम शब्द सूक्ष्म रोगबीजासाठी वापरात आला. त्यावरून 'निर्जंतुक' हा शब्द घडला. 'सोवळे' या शब्दात ती वस्तू कोणाची, याला महत्त्व आहे. 'निर्जंतुक' या शब्दात तिच्यावर काय आहे, एवढेच विचारले जाते.

तथापि शब्द बदलला म्हणून वृत्ती लगेच बदलत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. त्याच्या आधारे घरे उघडून झडत्या झाल्या, सामान जाळले गेले, भिंती औषधी द्रवांनी धुतल्या गेल्या. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता; पण तो उंदरांवरील पिसवांच्या द्वारे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे मोहीम जोरात असताना रोगाचा मार्गच अज्ञात होता. मार्ग न जाणता केलेली शुद्धी ही शिक्षाच ठरते, हा त्या काळाचा धडा होय.

कुष्ठरोगाच्या बाबतीत हा धडा अधिक कठोरपणे शिकावा लागला. त्याचा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला; तरी रोग्याने हाताळलेली वस्तू टाळण्याची रूढी शतकभर टिकली. बाबा आमटे यांनी उभारलेल्या वरोऱ्याजवळील आनंदवनात कुष्ठमुक्त व अपंग कलावंतांचा 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला. साध्या हस्तस्पर्शाने हा रोग पसरत नाही आणि औषधोपचार सुरू होताच रुग्णाची संसर्गक्षमता लवकरच नाहीशी होते. त्यामुळे त्या वाद्यांना निराळ्या शुद्धीची गरज नाही. गरज होती ती ऐकणाऱ्याच्या मनातील भीती जाण्याची.

याचा अर्थ शुद्धी अनावश्यक आहे असा नव्हे. अर्ल स्पॉल्डिंग यांच्या १९६८ च्या लेखाने रूढ झालेल्या वर्गीकरणात वस्तू शरीराच्या कोणत्या भागाला लागते, यावर तिच्या शुद्धीची पातळी ठरते. अखंड त्वचेला लागणारा टाळ पुसून घेतला तरी पुरतो. ओठांना लागणारी सनईची पत्ती मात्र प्रत्येकाची स्वतंत्र हवी. २०१६ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एका बॅगपाइपवादकाच्या जीवघेण्या फुप्फुसविकाराची हकीकत आली. वाद्याच्या आत ओल्या जागी वाढलेली बुरशी हे त्याचे संभाव्य कारण होते. फुंकून वाजवायचे वाद्य वापरानंतर आतून कोरडे करणे किती आवश्यक आहे, हे त्यावरून दिसते.

येथे मनूचा द्रव्यपरत्वे विचार पुन्हा उपयोगी पडतो. सत्तर टक्के अल्कोहोल टाळाला चालते, पण चपड्याची चकाकी दिलेल्या लाकडावर ते घासल्यास चकाकी विरघळते. विरंजक द्रव धातूला गंज आणतो. तबल्याच्या पुडीवरील शाईत लोहचूर्ण व खळ असते; ती पाण्याने भिजली की स्वर गेला. पखवाजाच्या डाव्या पुडीवरील ओली कणीक तर जंतूंचे अन्नच. ती प्रत्येक वेळी खरवडून टाकून ताजी लावावी. पेटीचा भाता धुता येत नाही. म्हणून पट्ट्या पुसाव्यात आणि वाजवणाऱ्याने आधी हात धुवावेत. ज्या वाद्याची शुद्धी करता येत नाही, तेथे हाताची शुद्धी हाच उपाय उरतो.

सारांश, जुन्या शास्त्राने द्रव्य ओळखले पण माणसाला दोष दिला. नव्या शास्त्राने दोष माणसावरून काढून संसर्गाच्या मार्गावर ठेवला. रुग्णालयात वाद्य नेणाऱ्याने द्रव्य आणि मार्ग ही दोन्ही पाहिली, तर वाद्यही टिकेल आणि ते वाजवणाऱ्या रुग्णाचा मानही.