देणगी आणि मुखत्यारनामा

आमच्या मलकापुरात ‘प्रतिनिधी’ हा शब्द निवडणुका येण्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेला आहे. गडकऱ्यांच्या १८४४च्या बंडानंतर विशाळगडच्या पंतप्रतिनिधींचे ठाणे येथे आले. पण हे प्रतिनिधी छत्रपतींचे, रयतेचे नव्हेत. रयतेच्या वतीने सरकारशी बोलणारा प्रतिनिधी मराठी मुलखात संघटितपणे पुढे आला तो १८७०मध्ये, पुण्याच्या सार्वजनिक सभेतून. योगायोग असा, की सभेचे पहिले अध्यक्ष याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेचे, औंधचे पंतप्रतिनिधी होते.

सरदारांचे पाठबळ सभेला हवेच होते. तरीही सभासद होण्यासाठी किमान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोक उभे होते. मला सभेचे खरे भांडवल या अटीत दिसते. देणगी कोणाचीही असो, बोलण्याचा अधिकार सह्या करणाऱ्यांकडून येई. त्या बळावर सभेने १८७६-७७च्या दुष्काळाची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली आणि १८७८पासून त्रैमासिक चालवले. १८९६च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखालील सभेचे कार्यकर्ते शेतकऱ्यांना त्यांचे हक्क सांगू लागले, तेव्हा सरकार बिथरले. सभा सरकारी पैशावर चालत नव्हती, म्हणून पैसा तोडण्याचा प्रश्नच नव्हता. १८९७मध्ये सरकारने तिची मान्यताच काढून घेतली. धोरणाच्या प्रश्नांवर सरकारशी बोलण्याचा तिचा अधिकार संपला.

मात्र मुखत्यारनाम्यालाही मर्यादा होती. ज्यांची सही कोणी मागतच नव्हते, त्यांचे काय? त्याचे एक उत्तर कोल्हापूरने दिले. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले, मार्चमध्ये माणगावच्या परिषदेला ते स्वतः गेले. येथे पैसा राजाचा होता, शब्द मात्र बहिष्कृतांचे. पण पत्र काही वर्षांतच बंद पडले. एकदा मिळालेली देणगी आवाजाला वाट करून देते. तो टिकवायला नित्याची पुंजी लागते.

आज या पुंजीचे मार्ग कायद्याने आखलेले आहेत. परकीय देणग्यांच्या २०१०च्या कायद्यात २०२०मध्ये दुरुस्ती झाली. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत मदत मिळवणाऱ्या तालुक्यातल्या लहान गटाला त्याची झळ अधिक. शिवाय धोरणाचा अभ्यास म्हणजे मुख्यतः माणसांचे पगार, प्रवास आणि कागदपत्रे. हिशेबात हा खर्च प्रशासकीय ठरला, तर कामच आकसते. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्याला लावले. पण शाळेची खोली दाखवता येते. सरकारला विचारलेला प्रश्न तसा दाखवता येत नाही.

म्हणून कोणत्याही संस्थेचा ताळेबंद पाहताना मी दोन रकाने शोधतो: पैसा कोणाचा, आणि सह्या कोणाच्या? पहिला रकाना हिशेबतपासनीस तपासतो. दुसरा आपणच तपासायचा असतो; आणि तो भरलेला असेल, तर पहिला रिता राहू न देणे हीदेखील आपलीच जबाबदारी.