‘द सुमेरियन गेम’ : एका लुप्त संगणक-खेळाची परंपरा

‘हमुराबी’ या संगणक-खेळाचे नाव जाणकारांना परिचित आहे. तथापि तो ज्याची अनुकृती होय, त्या ‘द सुमेरियन गेम’चे स्मरण फारच थोड्यांना आहे. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर परगण्यात शाळकरी मुलांना अर्थव्यवहाराची मूलतत्त्वे शिकविण्यासाठी मेबल ॲडिस या शिक्षिकेने तो १९६४ मध्ये रचला, आज्ञावली आय.बी.एम.चे विल्यम मॅके यांनी लिहिली. लगाश नगरीचा राजा होऊन विद्यार्थ्याने धान्य खाण्यास किती, पेरणीस किती व कोठारात किती, हे ठरवावयाचे. परिणाम कागदावर टंकित होऊन येत असे. १९६८ मध्ये डग डायमेंट यांनी याच कल्पनेवर एक संक्षिप्त खेळ लिहिला. डेव्हिड आल यांनी तो बेसिक भाषेत आणून १९७३ च्या आपल्या संग्रहात छापला.

मूळ खेळ एका महायंत्राशी बांधलेला होता. त्याची आज्ञावली आज उपलब्ध नाही. काही मुद्रित कागद उरले आहेत. अनुकृती मात्र पुस्तकातून कोणासही उतरवून घेता येत असे, म्हणून ती टिकली. संगणक-खेळ रचणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून ॲडिस यांची गणना होते. तरीही त्यांचे नाव दीर्घकाळ विस्मृतीत राहिले, याचे कारण साधनांच्या या विषम जतनात शोधावे लागते.