चंदेरी गाडीचं ठिगळ

मंडळी, आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता बरं का!) चेपलेलं दार रंगवून गाडी घरी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं - "पेंटरनं शेड चुकवली." मग त्याचे पैसे कापले जातात. पण गाड्यांच्या रंगाचा इतिहास वाचला की वाटतं, या खटल्यात पेंटरची बाजू कुणी मांडलीच नाही.

शंभर वर्षांपूर्वी गाडीला रंगीत थर देऊन ते वाळवायला आठवडे लागत. ड्यूपॉंट कंपनीच्या 'ड्यूको' लॅकरनं हे काम तासांवर आणलं. १९२४ ची निळी ओकलंड मोटार त्यातली पहिली. आपले फर्निचरवाले आजही 'ड्यूको पेंट' म्हणतात, ते नाव तिथलंच. त्या दशकाच्या अखेरीस रंगात चमक आली, तीही माशाच्या खवल्यांतून! ती फार महाग पडे. १९३० च्या दशकात तिची जागा ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्यांनी घेतली.

आपल्याकडे मात्र ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या काळात बहुतेक रंग साधेच. चार डबे, एक काठी आणि सरावलेला डोळा, एवढ्यावर शेड जमायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, गाड्या वाढल्या आणि नव्वदीनंतर मेटॅलिक रंग घरोघरी पोचले.

इथेच जुना हिशोब मोडला. मेटॅलिक रंगात चकत्या कशा पडल्या यावर शेड ठरते. थर कोरडा बसला तर चकत्या वर आडव्या राहतात आणि समोरून रंग उजळ दिसतो. थर ओला बसला तर त्या आत बुडतात, वेड्यावाकड्या राहतात आणि रंग गडद दिसतो. डबा तोच, कलर कोड तोच! चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा थिनर पटकन उडून जातो. म्हणून उन्हाळ्यात सावकाश उडणारा थिनर लागतो. शिवाय जुना रंग उन्हानं उतरलेला असतो तो वेगळाच.

यावर उपाय आहे. आधी पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारून तो उन्हात, तिरप्या नजरेनं गाडीशी ताडून बघायचा. मग नवा रंग शेजारच्या दारावर विरळ करत न्यायचा आणि दोन्ही दारांवर पूर्ण क्लिअर कोट द्यायचा. शेड जुळत नाही, ती विरघळवावी लागते.

पण यात दोन दारांची मेहनत आणि दोन दारांचा माल जातो. आपण सांगतो काय? "एकच दार कर, कमी घे." आणि फरक दिसला की त्याच माणसाची मजुरी कापतो. पुढे गाडी विकताना "ॲक्सिडेंटची दिसते" म्हणून गिऱ्हाईक भाव पाडतं, तेव्हा पुन्हा शिव्या पेंटरलाच.

असो. दुसऱ्या दाराचे पैसे आपणहून द्यावेत, असं आपलं माझं मत. तुमच्या गावचे पेंटर काय म्हणतात? जरूर कळवा.