मोबाईलच्या होम स्क्रीनवर कॅलेंडर विजेट : लावायचे कसे आणि त्यात आपले दिवस भरायचे कसे

भिंतीवरचे कॅलेंडर घरीच राहते. वसतिगृहात शिकणारी मुले-मुली, पुण्या-मुंबईत किंवा परदेशात नोकरी करणारे तरुण यांच्यासमोर दिवसभर असतो तो मोबाईल. जयंतीची सभा, विहारातील पौर्णिमेचा कार्यक्रम, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपच्या गर्दीत खाली जाते आणि दिवस उलटून गेल्यावर लक्षात येते. फोन उघडताच तारीख आणि पुढचे कार्यक्रम समोर दिसावेत, यासाठी कॅलेंडर विजेट उपयोगी पडते.

विजेट म्हणजे काय?

अ‍ॅपचे चिन्ह दाबल्यावर अ‍ॅप उघडते. विजेट ही त्याच अ‍ॅपची छोटी चौकट असते. ती होम स्क्रीनवर कायम उघडी राहते आणि अ‍ॅपमधील माहिती तिथेच दाखवते. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या : आपण कॅलेंडरमध्ये जे भरले असेल, तेवढेच विजेट दाखवते. म्हणून विजेट लावणे हे दोन मिनिटांचे काम आहे, खरे काम त्यात तारखा नीट भरण्याचे.

अँड्रॉइड फोन किंवा टॅबलेटवर

१. होम स्क्रीनवरील रिकाम्या जागेवर बोट दाबून धरा.
२. खाली येणाऱ्या पर्यायांतून ‘विजेट्स’ निवडा.
३. यादीत गुगल कॅलेंडर शोधा. त्यात ‘शेड्यूल’ म्हणजे पुढील कार्यक्रमांची यादी आणि ‘मंथ’ म्हणजे पूर्ण महिना असे प्रकार दिसतील.
४. हवा तो प्रकार दाबून धरा आणि होम स्क्रीनवर नेऊन सोडा.
५. आकार बदलायचा असल्यास विजेट दाबून धरून बोट उचला. कडेला ठिपके दिसतील, ते ओढा.

कंपनीनुसार पर्यायांची नावे आणि जागा थोड्या बदलतात. सॅमसंगच्या फोनवर विजेट बसतच नसेल, तर सेटिंग्जमधील ‘होम स्क्रीन’ विभागात जाऊन ‘लॉक होम स्क्रीन लेआउट’ बंद आहे का ते पाहा.

आयफोन आणि आयपॅडवर

१. होम स्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून धरा, चिन्हे हलू लागतील.
२. वरच्या कोपऱ्यातील अधिकचे चिन्ह दाबा. नव्या आवृत्त्यांत आधी ‘एडिट’ आणि मग ‘अ‍ॅड विजेट’ दाबावे लागते.
३. कॅलेंडर शोधा, आडवे सरकवून आकार निवडा आणि ‘अ‍ॅड विजेट’ दाबा.
४. ‘डन’ दाबा.

होम स्क्रीनवर चिन्हांमध्ये विजेट ठेवण्याची सोय आयफोनवर आयओएस १४ पासून, तर आयपॅडवर आयपॅडओएस १५ पासून आहे. आयफोनवर गुगल कॅलेंडर वापरायचे असेल, तर ते अ‍ॅप घेऊन त्याचेही विजेट याच पद्धतीने लावता येते.

आपल्या तारखा दोन प्रकारच्या आहेत

नेमकी इथेच गफलत होते. काही दिवस इंग्रजी तारखेने ठरलेले आहेत, तर काही पौर्णिमेने किंवा तिथीने.

पहिल्या प्रकारातील काही तारखा :

- ३ जानेवारी : सावित्रीबाई फुले जयंती (१८३१)
- ७ फेब्रुवारी : माता रमाई जयंती (१८९८)
- २० मार्च : महाड, चवदार तळे सत्याग्रह (१९२७)
- ११ एप्रिल : महात्मा जोतीराव फुले जयंती (१८२७)
- १४ एप्रिल : डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती (१८९१)
- २६ जून : राजर्षी शाहू महाराज जयंती (१८७४)
- १४ ऑक्टोबर : नागपूर, धम्मदीक्षा (१९५६)
- २६ नोव्हेंबर : संविधान दिन (१९४९)
- ६ डिसेंबर : महापरिनिर्वाण दिन (१९५६)
- २५ डिसेंबर : महाड, मनुस्मृती दहन (१९२७)

हे दिवस एकदाच भरायचे. गुगल कॅलेंडरमध्ये अधिकचे चिन्ह दाबून ‘इव्हेंट’ निवडा, नाव लिहा, ‘ऑल डे’ सुरू करा आणि ‘डज नॉट रिपीट’च्या जागी ‘एव्हरी इयर’ निवडा. पुढे दरवर्षी ती तारीख आपोआप येत राहील.

दुसरा प्रकार पौर्णिमांचा : वैशाख पौर्णिमा म्हणजे बुद्ध जयंती, वर्षावासाची सुरुवात होते ती आषाढ पौर्णिमा, वर्षावास संपतो ती आश्विन पौर्णिमा. यांना ‘एव्हरी इयर’ कधीही लावू नका. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे २०२४ मध्ये २३ मे रोजी आलेली बुद्ध पौर्णिमा २०२५ मध्ये १२ मे रोजी आली आणि २०२६ मध्ये १ मे रोजी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिना असल्याने २०२७ मध्ये ती पुन्हा पुढे जाऊन २० मे रोजी येते. २३ मे ही तारीख कुणी दरवर्षीसाठी भरून ठेवली असेल, तर त्याचे विजेट पुढच्याच वर्षापासून चुकीचा दिवस दाखवेल, तेही पूर्ण खात्रीने. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला छापील कॅलेंडर समोर घेऊन त्या वर्षाच्या सर्व पौर्णिमा एकेक करून भरा. उपोसथ पाळणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गोष्ट आणखी वेगळी. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला होतो. ती २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला होती आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरील सोहळा मात्र १५ आणि १६ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखांना होतो, कारण बाबासाहेबांनी तिथे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा दिली. म्हणजे १४ ऑक्टोबर आणि चंद्रपूरच्या तारखा ‘एव्हरी इयर’ने भरायच्या, नागपूरचा सोहळा दरवर्षी नव्याने.

नाव थोडक्यात लिहा

आपल्याकडे कार्यक्रमाचे नाव विशेषणांनी सुरू करण्याची सवय आहे. पत्रिकेवर ते शोभते, पण विजेटच्या चौकटीत पहिले एक-दोन शब्दच मावतात. ‘विश्वरत्न, बोधिसत्त्व, परमपूज्य’ इतकेच दिसले, तर जयंती आहे की महापरिनिर्वाण दिन हे कळणार नाही. म्हणून ‘संविधान दिन, सभा ६ वा.’ असे कामाचे शब्द आधी लिहा. पूर्ण नाव, पत्ता आणि वक्त्यांची माहिती ‘डिस्क्रिप्शन’मध्ये द्या.

त्या दिवशी आठवण येऊन काय उपयोग?

६ डिसेंबरला सकाळी फोनने आठवण दिली, तर गडचिरोलीचा माणूस चैत्यभूमीला पोहोचत नाही. आठवण आधी हवी. गुगल कॅलेंडरमधील सूचना जास्तीत जास्त चार आठवडे आधीची लावता येते. रेल्वेचे आरक्षण मात्र नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. म्हणून तिकिटाची स्वतंत्र नोंद करा : ५ डिसेंबरच्या गाडीसाठी ६ ऑक्टोबरला ‘दादर तिकीट काढणे’. मिरवणुकीची परवानगी, सभागृहाची नोंदणी, कार्यालयात रजेचा अर्ज यांचीही अशीच वेगळी नोंद ठेवा. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख कळली की त्याआधी दोन आठवड्यांवर ‘जातीचा व उत्पन्नाचा दाखला तयार आहे का?’ अशी नोंद करा. कागदपत्रांसाठी धावाधाव करायला वेळ उरतो.

मंडळासाठी एकच सामायिक कॅलेंडर

दहा कार्यकर्त्यांनी दहा ठिकाणी तारखा भरण्यापेक्षा एकाने भराव्यात. संगणकाच्या ब्राउझरवर गुगल कॅलेंडर उघडा, ‘अदर कॅलेंडर्स’जवळचे अधिकचे चिन्ह दाबून नवे कॅलेंडर तयार करा आणि त्याच्या सेटिंग्जमधून सहकाऱ्यांचे ईमेल पत्ते जोडा. कोण फक्त पाहू शकेल आणि कोण बदल करू शकेल, हे तिथेच ठरते. बदलाचा अधिकार दोघा-तिघांनाच द्या. कार्यक्रमाची वेळ बदलली की एका जागी दुरुस्ती केल्यावर सगळ्यांच्या विजेटवर नवी वेळ दिसते.

हे कॅलेंडर सर्वांसाठी खुले केले, तर त्यातील मजकूर कुणीही वाचू शकतो. म्हणून अशा कॅलेंडरमध्ये कार्यकर्त्यांचे फोन नंबर, घरचे पत्ते किंवा कोण कोणत्या गाडीने निघणार ही माहिती लिहू नका. मुलींच्या आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळा. सभेची जागा, वेळ आणि विषय पुरेसे आहेत. फोन मित्राच्या हाती दिला तरी विजेट उघडेच असते, हेही ध्यानात ठेवून खासगी नोंदी वेगळ्या कॅलेंडरमध्ये ठेवा.

विजेट रिकामे दिसत असेल तर

- कॅलेंडर अ‍ॅपमधील तीन आडव्या रेघा दाबून संबंधित कॅलेंडरसमोर खूण आहे का ते पाहा.
- फोनच्या सेटिंग्जमध्ये गुगल खात्याचे कॅलेंडर ‘सिंक’ सुरू आहे का ते तपासा.
- ‘बॅटरी सेव्हर’ सुरू असल्यास नव्या नोंदी उशिरा दिसू शकतात.
- तरीही दिसत नसेल तर विजेट काढून पुन्हा लावा. विजेट काढल्याने कॅलेंडरमधील नोंदी जात नाहीत.

आज दहा ठरलेल्या तारखा भरा. या रविवारी विहारात छापील कॅलेंडर घेऊन वर्षभराच्या पौर्णिमा भरा. आणि आई-वडिलांच्या फोनवरही हे विजेट लावून द्या. गावातल्या कार्यक्रमाची तारीख बहुतेक वेळा त्यांनाच आधी कळते, ती कॅलेंडरमध्ये कशी लिहायची तेवढे त्यांना शिकवा.