योरुबा घरातली आजी आणि इतिहासाचा पुरावा

नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा समाजात भरल्या घरातली म्हातारी बाई गेली की शोकाबरोबर सोहळाही होतो. तरुण माणूस गेला तर त्याचा अंत्यविधी गाजावाजा न करता उरकतात. पण मुले, नातवंडे, पतवंडे पाहून गेलेल्या आजीसाठी ढोल वाजतात, पंगती उठतात, आणि घरचे सगळे एकाच कापडाचे कपडे शिवून घेतात. या कापडाला ‘आसो एबी’ म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेत हा थाटच आधी भरतो. आजीची आठवण राखण्याचे खरे काम मात्र गर्दीतल्या काही बायका करीत असतात. घरातल्या लेकी आणि सुना गेलेल्या बाईला तिच्या बिरुदांनी, तिच्या माहेरच्या गावाने, तिच्या पूर्वजांच्या करणीने हाका मारतात. या हाकांना ओरिकी म्हणतात. ओरिकी हा मायेचा उमाळा आहेच. पण तो इतिहासाचा पुरावाही आहे आणि त्याला तसेच वागवले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. लिखित इतिहासाने योरुबा भूतकाळाच्या ज्या बाजूकडे पाठ फिरवली, ती बाजू याच हाकांमध्ये टिकून राहिली आहे.

ओरिकी रचणारा कोणी एक कवी नसतो. जन्मानंतर मुलाला एक लाडाचे नाव मिळते. पुढे त्याच्या स्वभावावरून, धंद्यावरून, गाजलेल्या एखाद्या प्रसंगावरून लोक त्यात भर घालीत जातात. व्यक्तीची ओरिकी असते तशी कुळाची असते, आणि मूळ गावाचीही असते. या शेवटच्या प्रकाराला ‘ओरिकी ओरिले’ म्हणतात. कॅरिन बार्बर या अभ्यासिकेने 1970च्या दशकात ओकुकू नावाच्या गावी राहून या परंपरेचा अभ्यास केला. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: घरोघरी ही ओरिकी मुख्यतः बायकाच जपतात. मुलगी लहानपणी माहेरची ओरिकी ऐकत वाढते आणि लग्नानंतर सासरची शिकते. म्हणजे एकेका बाईच्या जिभेवर दोन घराण्यांचा भूतकाळ असतो. वंश बापाकडून चालतो, त्यामुळे वंशावळीच्या कागदावर आई आणि आजी गळतात. ओरिकीत तसे होत नाही. माणसाला गौरवताना त्याच्या आईच्या कुळाची, आजीच्या गावाची बिरुदेही घेतली जातात. वंशावळ जिला वगळते तिला ओरिकी घरात परत आणून बसवते.

हे किती मोलाचे आहे ते एकोणिसाव्या शतकाकडे पाहिले की कळते. 1830च्या दशकात जुने ओयो हे साम्राज्याचे केंद्र ओस पडले. त्याच्या आगेमागे उत्तरेकडची कित्येक गावे लढायांत उद्ध्वस्त झाली आणि माणसांचे लोंढे दक्षिणेला सरकले. लष्करी तळ म्हणून वसलेले इबादान, निर्वासितांनी उभे केलेले अबेओकुटा, माणसांनी फुगलेले ओग्बोमोशो ही शहरे याच उलथापालथीतून घडली. हजारो लोक गुलाम म्हणून विकले गेले. अशा काळात कोणाकडे दप्तरे नव्हती, जमिनीचे कागद नव्हते. पण एखाद्या बाईने तिसऱ्याच शहरात संसार मांडला तरी तिच्या ओरिलेमध्ये मोडलेल्या गावाचे नाव, तिथल्या नदीचा किंवा टेकडीचा उल्लेख, तिथल्या लोकांचा धंदा शाबूत राहिला. तिच्या मुलांना आणि नातवंडांना त्याच नावाने साद घातली गेली. एका वाड्यात चार गावांच्या सुना नांदत असतील तर त्या वाड्यात चार गावांची स्मृती नांदत होती. म्हणून आजी गेल्यावर तिची ओरिकी मोठ्याने म्हणणे म्हणजे त्या विखुरलेल्या समाजाचा नकाशा पुन्हा वाचून दाखवणे होते.

याउलट लिखित इतिहास कुठून आला ते पाहावे. योरुबांच्या इतिहासाचा पायाभूत ग्रंथ सॅम्युअल जॉन्सन या धर्मोपदेशकाने लिहिला. त्याचे लेखन 1897 साली पूर्ण झाले. मूळ हस्तलिखित हरवल्यामुळे त्याच्या भावाने टिपणांवरून ग्रंथ पुन्हा उभा केला आणि तो 1921 साली छापला गेला. जॉन्सनचे श्रम अफाट होते, त्याच्याशिवाय पुढचा कोणताही अभ्यास शक्य नव्हता. पण जुन्या काळासाठी त्याने ज्यांच्यावर भिस्त ठेवली ते आरोकिन, म्हणजे ओयोच्या राजवाड्यातले पिढीजात भाट होते. मौखिक पुरावा त्यानेही वापरलाच. फक्त तो राजवाड्याचा होता. साहजिकच त्यातून राजांचा क्रम, लढाया आणि कारस्थाने पुढे आली. घरातल्या सुनांच्या तोंडी असलेला पुरावा तसाच मौखिक होता, पण त्याला ग्रंथात जागा मिळाली नाही. तेव्हा ओरिकी तोंडी आहे म्हणून कच्ची ठरवणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे, की छापील इतिहासाचा पायाही तोंडीच आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ओरिकी ही स्तुती; मेलेल्या आजीबद्दल कोण वाईट बोलणार? शिवाय त्यात सनावळी नाही, घटनांचा क्रम नाही. हा आक्षेप तपासायला इबादानच्या एफुन्शेतान अनिवुरा हिच्यासारखे उदाहरण नाही. ही बाई शहराची ‘इयालोदे’, म्हणजे स्त्रियांची प्रमुख आणि दरबारातली त्यांची प्रतिनिधी होती. तिचा व्यापार मोठा, शेती मोठी, पदरी गुलामही पुष्कळ. 1874 साली इबादानचा सर्वाधिकारी सरदार लातोसा याने तिला पदावरून काढले आणि त्याच वर्षी तिचा खून झाला. अकिनवुमी इशोला यांच्या 1970 साली छापलेल्या योरुबा नाटकाने ती घरोघरी पोहोचली ती क्रूर मालकीण म्हणून: एकुलती एक लेक बाळंतपणात गेल्याने पिसाळलेली आणि गरोदर गुलाम बायकांना मारणारी. इतिहासकार बोलान्ले आवे यांनी मात्र तिची ओरिकी पुरावा म्हणून वाचली. त्या ओरिकीत तिच्या शेतावरचे आणि बाजारातले गुलाम आहेत, बंदुकीची दारू आणि गोळ्यांचा साठा आहे, बरोबरीच्यांना तिची वाटणारी धास्ती आहे, आणि तिची संपत्ती खुद्द सर्वाधिकाऱ्याहून मोठी असल्याचा उघड उल्लेख आहे. या एका उल्लेखात तिच्या खुनामागचे राजकारण दिसते. शस्त्रांचा साठा आणि पैसा हाती असलेली बाई लातोसाला डोईजड झाली होती. नाटकाने जे व्यक्तीच्या विकृतीत शोधले ते ओरिकी सत्तेच्या संघर्षात दाखवते. आणि ओरिकीने गुलामांची मालकी लपवलेली नाही. ओरिकीत माणसाचे व्यंग, हट्ट, दरारा सगळे येते, कारण तिचा हेतू माणूस ओळखू यावा हा असतो. राहिल्या सनावळी, तर त्या मिशनऱ्यांच्या रोजनिशांतून आणि ब्रिटिश वकिलातीच्या पत्रव्यवहारातून मिळतात. जे तिथे मिळत नाही तेच ओरिकीकडून घ्यायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो योरुबा विदुषीकडूनच आला आहे. ओयेरोन्के ओयेवुमी यांनी 1997च्या आपल्या ग्रंथात मांडले, की जुन्या ओयो समाजात अधिकार ठरत होता तो वडीलकीवर, बाई की पुरुष यावर नव्हे. योरुबा सर्वनामांत लिंगभेद नाही, राजासाठीचा शब्दही लिंगनिरपेक्ष आहे. जुन्या राजावळीतले सगळे पुरुषच होते हे वसाहतकाळातल्या लेखकांनी गृहीत धरले. मग ‘बायकांचा इतिहास’ असा वेगळा कप्पा करणे म्हणजे परकी चौकट लादणे नाही का? वडीलकीचा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. योरुबा आजीचा मान दयेतून आलेला नाही. सून म्हणून घरात आली तेव्हा, तिच्याआधी त्या घरात जन्मलेल्या पोरांपेक्षाही ती कनिष्ठ होती. तिथून वर्षे मोजत, स्वतःच्या भांडवलावर बाजारात धंदा करीत, मुले वाढवीत ती वाड्यातली वडील झाली. तिची आठवण म्हणजे मिळवलेल्या अधिकाराची नोंद आहे. मात्र ही नोंद कोणाच्या तोंडी राहिली असे विचारले तर उत्तर लेकी-सुना हेच येते. वेगळा कप्पा आपण पाडलेला नाही; लेखणीने एका बाजूचे ऐकले आणि दुसऱ्या बाजूचे ऐकले नाही, म्हणून तो पडला.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. अंत्यविधीचा हा सारा प्रकार आता खर्चिक देखावा झाला आहे, घरे कर्जात बुडतात, असे नायजेरियातच अनेक जण कळकळीने सांगतात. त्यांचे खरे आहे. कापड आणि पंगती म्हणजे आठवण नव्हे, आणि कर्ज काढून आजीचा मान वाढत नाही. पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच बदलाची. अंत्यविधीला गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तिका वाटली जाते. त्यात जन्म, बाप्तिस्मा, विवाह, चर्चमधल्या मंडळांची पदे आणि मुलांच्या पदव्या ओळीने येतात. ही माहिती उपयोगी आहे, पण तिच्यात आजीचे ओरिले सहसा नसते. आईची आई कुठल्या मोडलेल्या गावातून आली, कोणता धंदा करीत होती, बाजारात तिला कोणत्या बिरुदाने हाक मारीत, हे त्या पुस्तिकेत येत नाही. आजीच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या नातीला येतुंदे किंवा इयाबो, म्हणजे ‘आई परत आली’, असे नाव आजही ठेवतात. पण परत आलेली ती आई कोण होती हे त्या मुलीला सांगणारे तोंड घरात उरले नाही, तर ते नाव पोकळ होते.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. योरुबांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या सुनांची ओरिकी लोककला म्हणून परिशिष्टात न टाकता राजवाड्याच्या भाटांच्या साक्षीशेजारी, त्याच कसोटीवर तपासून, मुख्य पुराव्यात घ्यावी. आणि लागोस असो, लंडन असो की ह्यूस्टन, योरुबा घरांनी पुढच्या अंत्यविधीच्या पुस्तिकेत एक पान आजीच्या ओरिकीसाठी राखून ठेवावे, तीही ती म्हणणाऱ्या बायका हयात आहेत तोवर ध्वनिमुद्रित करून. कापड, मंडप आणि जेवणावळीच्या मानाने या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागतो तो वेळ, आणि तो दरवर्षी कमी होत आहे.