केसकर, रेडिओ सिलोन आणि गीतरामायण

दरवर्षी गणपती जवळ आले की आपल्या मंडळाच्या बैठकीत एक भांडण ठरलेले असते. स्पीकरवर काय लावायचे? ज्येष्ठ मंडळींना भीमसेन जोशींचे अभंग हवे असतात. मंडपासाठी रात्रभर राबणाऱ्या मुलांना त्या महिन्यात मोबाइलवर गाजत असलेले गाणे हवे असते. आरतीपर्यंत अभंग, त्यानंतर मुलांचे राज्य, अशी तडजोड होते आणि चहा येतो. यंदा मी त्या वादात पडलो नाही. घरी आल्यावर मात्र वाटले, हेच भांडण 1952 साली भारत सरकार आपल्याच जनतेशी भांडले होते आणि सरकारच्या बाजूने उभा होता तो एक पुणेकर! ती हकिकत स्मरणिकेच्या वाचकांना सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा जन्म पुण्याचा, 1903 सालचा. शिक्षण काशी विद्यापीठात आणि पुढे पॅरिसला. लोकसभेवर ते निवडून आले उत्तर प्रदेशातून. म्हणजे आपल्यासारखाच मुलूख सोडून बाहेर रुजलेला मराठी माणूस. 1952 ते 1962 अशी सलग दहा वर्षे ते माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा त्यांचा अभ्यास होता आणि त्याबद्दलची मतेही ठाम होती. मंत्र्याची ठाम मते आणि हातात देशातली एकमेव रेडिओ यंत्रणा, हे मिश्रण जरा जालीमच म्हणायचे.

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला आकाशवाणीची केंद्रे आली होती अवघी सहा. रेडिओ ही चैनीची वस्तू होती. पोस्टातून त्याचे लायसन्स काढावे लागे. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर सगळा वाडा जमे. अशा काळात रेडिओवर काय वाजते याला आजच्यापेक्षा फार मोठे वजन होते.

केसकरांच्या पदरात जे घालायचे ते आधी घालतो. संस्थाने विलीन झाली होती. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, देवास येथील दरबारांच्या आश्रयावर जगणारे गवई-वादक उघड्यावर पडले होते. त्यांना आकाशवाणीने मानधन दिले आणि देशभर श्रोता दिला. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 सालीच सुरू झाला. ज्या गावात एरवी कोणी मोठा गवई फिरकला नसता, तिथला शाळामास्तर शनिवारी रात्री दीड तास बैठक ऐकू लागला.

पण याच काळात कलावंतांच्या चाचण्या घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत आली. चाचणी मंडळावर लखनौच्या भातखंडे परंपरेतले श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारखे विद्वान होते. पिढीजात उस्तादांना ही परीक्षा अपमानास्पद वाटली आणि मोठा गदारोळ झाला. त्याही आधी, सरदार पटेल या खात्याचे मंत्री असताना, खाजगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना रेडिओची दारे बंद झाली होती. ज्या घराण्यांतल्या बायकांनी ठुमरी-दादरा सांभाळला, त्यांनाच त्या गाण्याच्या शुद्धीसाठी बाहेर ठेवायचे, हा कसला न्याय? माझ्या मते केसकरांच्या कारकिर्दीपेक्षाही हा डाग मोठा आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

आता सिनेमाचे गाणे. केसकरांना ते उथळ आणि पाश्चात्त्यांची नक्कल करणारे वाटे. त्याचे प्रमाण एकूण कार्यक्रमांच्या दहा टक्क्यांवर आणायचे ठरले. शिवाय गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण ती जाहिरात झाली. फक्त गायकाचे नाव घ्यायचे. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. दहा टक्क्यांचेही शून्य झाले. मंत्र्यांना फारसे वाईट वाटले नसावे.

वाईट वाटले ते श्रोत्यांना. पण रेडिओला एक खुंटी असते आणि ती पिरगाळता येते. कोलंबोला दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैन्यासाठी उभारलेला शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपक होता. युद्धानंतर तो रेडिओ सिलोनच्या हाती आला. 3 डिसेंबर 1952 रोजी तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि विमानाने कोलंबोला जायचा. निवेदक होते जेमतेम वीस वर्षांचे अमीन सायानी, जे 2024 साली आपल्यातून गेले. सुरुवातीला सात गाणी लावायची आणि ती कोणत्या क्रमाने प्रदर्शित झाली ते श्रोत्यांनी कळवायचे, असा खेळ होता. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आल्याचे सायानी सांगत. पुढे खेळाची स्पर्धा झाली: लोकप्रियतेनुसार गाण्यांना ‘पायदान’ मिळू लागले, गावोगावी श्रोता संघ निघाले, आणि फर्माईश पाठवण्यात झुमरी तलैयासारख्या अभ्रकाच्या खाणींच्या गावाचे नाव देशभर झाले. आपल्या देशातल्या गाण्यांची लोकप्रियता आठवड्याला मोजण्याची सवय आपल्याला लागली ती एका परदेशी केंद्रावरून, एका टूथपेस्टच्या खर्चाने. आज मुले ‘किती व्ह्यूज झाले’ म्हणून बघतात, तेव्हा मला बुधवारी रात्री आठला वहीत पायदाने उतरवणारा माझा थोरला भाऊ आठवतो.

आमचे बिऱ्हाड तेव्हा जबलपूरला, वडील रेल्वेत. सिलोन आमच्याकडे अगदी शेजारी बसल्यासारखे लागायचे; पुणे मात्र लागत नसे. पुणे आठशे किलोमीटरवर आणि कोलंबो अठराशे, तरीही! कारण साधे आहे. दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीलगत धावतात आणि काही अंतरावर दमतात. शॉर्टवेव्ह वर आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून दूरवर खाली उतरते. आम्हा बाहेरच्या मराठी माणसांच्या कानावर काय पडावे हे मंत्र्यांइतकेच त्या थरानेही ठरवले.

आणि पुण्याला तर त्या दिवसांत काय घडत होते! पुणे केंद्र सुरू झाले 1953 साली. तिथले सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकरांनी रामकथा गीतांत लिहायला घेतली, सुधीर फडके यांनी चाली बांधल्या. 1 एप्रिल 1955, रामनवमी, शुक्रवार, सकाळी पावणेनऊ. आठवड्याला एक याप्रमाणे बावन्न गीते योजली होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती छप्पन्न झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक असे एकाहून एक गळे. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक बसत, असे त्या वेळचे पुणेकर सांगतात. गीताचे शब्द वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले.

इथे मला गंमत वाटते ती वेगळीच. सिनेगीताला तोडीस तोड म्हणून आकाशवाणीने स्वतःची हलकी, शब्दप्रधान गाणी करायला घेतली होती. पुढे आपण त्याला सुगम संगीत म्हणू लागलो. गीतरामायण हे त्या वातावरणातले सर्वांत मोठे फळ. पण माडगूळकर आणि फडके आले कुठून? दोघेही सिनेमात मुरलेले! पुढच्या दाराने सिनेमाला हाकलले आणि मागच्या दाराने सिनेमावाल्यांनाच पाट मांडला. केसकरांचा निर्णय चुकला असे म्हणावे, तर गीतरामायण समोर येते. बरोबर होता म्हणावे, तर त्यांच्याच रेडिओला अब्रू मिळवून दिली ती सिनेमाच्या माणसांनी.

अखेर सरकार नमले. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. तिच्यावरचे पहिले गीत नरेंद्र शर्मांचे, चाल अनिल विश्वासांची, गळा मन्ना डे यांचा. पुन्हा सगळी सिनेमाचीच मंडळी. योगायोग असा की त्याच दिवशी, विजयादशमीला, गीतरामायणाचे पुस्तक दिल्लीच्या प्रकाशन विभागाने काढले. 1967 साली विविध भारतीवर जाहिरातीही आल्या, त्या आधी मुंबई, पुणे आणि नागपूरला. 1989 मध्ये तर खुद्द गीतमालाच विविध भारतीवर आली.

आता आमच्या आजीबद्दल. पुण्याची तिची धाकटी बहीण दर आठवड्याला गीतरामायणाचे वर्तमानपत्रातले कात्रण पाकिटात घालून पाठवायची. आजी ते शब्द वहीत उतरवायची आणि म्हणायची. पण चाल कुठून आणणार? तिने ओव्यांच्या, भूपाळ्यांच्या, दोन-तीन ठिकाणी तर चक्क जुन्या नाट्यपदांच्या चालींवर ती बसवली. जबलपूरच्या मराठी बायकांच्या भजनात काही वर्षे ती तशीच म्हटली जात. पुढे केव्हातरी ओळखीच्यांकडे फडक्यांच्या आवाजातली रेकॉर्ड आली. आजी शेवटपर्यंत नीट ऐकून घेऊन म्हणाली, “छान आहे हो. पण यांनी चाल का बदलली?”

बाबूजींचा कार्यक्रम पुढे बाहेरच्या अनेक मराठी मंडळांत झाला. ते पेटी घेऊन गायला बसत. त्या पेटीला आकाशवाणीवर 1940 पासून वर्षानुवर्षे बंदी होती, हेही जाता जाता सांगायला हवे. गीतांची भाषांतरे हिंदी, बंगाली, कानडी, तेलुगूत झाली. आजीच्या चालींचे मात्र काहीच राहिले नाही. माझ्या धाकट्या आत्याला त्यांतल्या चार येत. तीही तीन वर्षांपूर्वी गेली. घरातल्या सगळ्यांच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन होता, आणि कोणाच्याही डोक्यात ते आले नाही.

वही आहे. शाई फिकी झाली आहे, पण अक्षर वाचता येते. उत्सवाच्या दिवसांत ती मंडपात ठेवणार आहे. जुन्या बिऱ्हाडांतून कोणाकडे अशा वह्या, गीतमालेची पायदाने, रेडिओची लायसन्सची पुस्तके असतील तर जरूर आणावीत. आणि कोणाच्या आई-आजीला एखादी वेगळी चाल येत असेल, तर कृपया आरतीनंतर थांबावे. फोन मी घेऊन येतो.