दुर्वांची जुडी आणि कोळंबीचे खाद्य

खालापूर तालुक्यातील महडला वरदविनायकाच्या देवळाबाहेर दुर्वांच्या जुड्या विकायला असतात. तेथून कर्जतच्या बाजूला भातखाचरांच्या बांधांवर पाहिले, तर तेच गवत हरळी या नावाने भेटते आणि शेतकरी ती खणून खणून मेटाकुटीला येतो. गणपतीला प्रिय आणि शेतकऱ्याला नकोशी अशा या वनस्पतीला गेल्या वीस वर्षांत तिसरेच एक काम सांगण्यात आले आहे. ते म्हणजे कोळंबीला रोगापासून वाचवण्याचे. हे कसे घडले, ते पाहू.

कोळंबी हजारो वर्षे माणसाच्या ताटात आहे. पण तळ्यात दाटीवाटीने पाळून परदेशी पाठवण्याचा धंदा मात्र अगदी अलीकडचा. भारतात तो १९९०च्या सुमारास पूर्व किनाऱ्यावर जोरात वाढला. १९९४-९५मध्ये त्याच किनाऱ्यावर रोगाची साथ आली. कोळंबीच्या कवचावर पांढरे ठिपके दिसायचे आणि काही दिवसांत तळेच्या तळे मरून जायचे. हा विषाणू १९९२च्या सुमारास पूर्व आशियात प्रथम आढळला होता. पुढे डिसेंबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरील कोळंबी तळ्यांवर कडक निर्बंध घातले. त्यामागची कारणे वेगळी, म्हणजे शेतजमिनी आणि पिण्याचे पाणी खारे होण्याची होती. पण धंद्याला दोन्ही धक्के लागोपाठच बसले.

घाबरलेल्या माणसाचा हात औषधाच्या बाटलीकडे जातो. तळ्यांत प्रतिजैविके पडू लागली. वास्तविक प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. ठिपक्यांच्या रोगावर त्यांचा उपयोग नव्हता. उलट २००१-०२मध्ये युरोपात आशियातून आलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉलचे अंश सापडले आणि मालाच्या तपासण्या कडक झाल्या.

मग लस का टोचत नाहीत, असे मुले हमखास विचारतील. प्रश्न चांगला आहे. लस आपल्या शरीराला शत्रूची ओळख करून देते आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवते. कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. शत्रू कोणताही असो, तिच्या रक्तपेशी त्याला गिळतात, वेढतात किंवा मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यात गाडून टाकतात. तेव्हा हे जन्मजात संरक्षणच चेतवता आले तर पाहावे, असा विचार पुढे आला. तशी द्रव्ये शोधताना संशोधकांचे लक्ष आपल्याकडच्या औषधी वनस्पतींकडे जाणे साहजिक होते.

२००६मध्ये तामिळनाडूतील टी. सितारसु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्वा, बेल, गुळवेल, कुटकी आणि माका या पाच वनस्पतींचे अर्क एकत्र करून टायगर कोळंबीच्या खाद्यात मिसळले. नंतर तिला ठिपक्यांच्या विषाणूचा संसर्ग घडवला. साधे खाद्य खाल्लेल्या कोळंब्या आठवडाभरात मेल्या. अर्काची सर्वांत मोठी मात्रा मिळालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जगल्या. निकाल उत्साहवर्धक खरा, पण पाच वनस्पतींपैकी काम कोणी केले, हे त्यातून कळत नाही. ते कळायचे तर एकेक वनस्पती वेगळी तपासावी लागते. वेल्लोरजवळच्या मेलविशारम येथील सी. अब्दुल हकीम महाविद्यालयात ए. एस. साहुल हमीद यांच्या गटाने तेच केले. अनेक वनस्पतींच्या अर्कांमधून दुर्वांचा अर्क सरस ठरला. २००८च्या त्यांच्या निबंधानुसार खाद्यात २ टक्के अर्क असलेल्या गटात मरही झाली नाही आणि ठिपकेही दिसले नाहीत. हे काम एखाद्या मोठ्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत नव्हे, तर एका महाविद्यालयात झाले, याचे आम्हांला विशेष वाटते.

आता पुन्हा कर्जत-खालापूरकडे वळू. या दोन्ही तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. आहे ते गोडे पाणी. टाटांची वीजकेंद्रे खोपोलीला १९१५मध्ये आणि भिवपुरीला १९२२मध्ये सुरू झाली. घाटावरच्या तलावांतले पाणी वीज करून खाली उतरते, त्यामुळे पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते आणि राजनाल्याच्या कालव्यावर कर्जतमध्ये उन्हाळी भात होतो. अशा ठिकाणी पाळायची ती गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी. दिसायला टायगर कोळंबीची बहीण, पण कूळ वेगळे. गंमत म्हणजे तिच्या अळ्यांना काही आठवडे मचूळ पाणी लागते. शाओ-वेन लिंग यांनी मलेशियात पेनांग येथे १९६०नंतर हे शोधून काढले, तेव्हाच तिची पैदास माणसाच्या हाती आली. म्हणून पिले मचूळ पाण्याची सोय असलेल्या बीजकेंद्रातून आणावी लागतात.

आणि येथेच नीट विचार करायला हवा. ठिपक्यांचा विषाणू जंबो कोळंबीच्या शरीरात शिरला, तरी ती सहसा तग धरते. तिच्या पिलांचा खरा शत्रू म्हणजे शेपटी पांढरी पडण्याचा रोग. तो भारतात २००१च्या सुमारास नेल्लोरकडच्या बीजकेंद्रांत दिसला. त्याचा विषाणू अगदी वेगळा आहे. साहुल हमीद यांच्या गटाने त्यावरही काम केले आहे. पण दुर्वांचा वरचा निकाल त्या रोगाला लागू होत नाही. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठात जंबो कोळंबीच्या पिलांना कढीपत्ता, कोथिंबीर आणि पुदिना घातलेले खाद्य देऊन पाहिले, तेव्हा त्यांची वाढ चांगली झाली. मात्र वाढ होणे आणि रोग टळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपल्या शेततळ्यासाठी कोणी 'हर्बल' असे छापलेली पुडी आणली, तर त्याला दोन प्रश्न विचारावेत. हे कोणत्या कोळंबीवर, कोणत्या रोगासाठी तपासले? आणि पुडी न दिलेल्या कोळंबीचे काय झाले? शिवाय कोळंबी आपले खाद्य पायांत धरून हळूहळू कुरतडते; तोवर अर्क पाण्यात विरघळून जातो. हे वर्गातही दाखवता येते. हळद घालून कणकेच्या गोळ्या कराव्यात, काही तशाच आणि काहींना तेलाचा हात लावून, त्या दोन पांढऱ्या वाडग्यांतल्या पाण्यात ठेवाव्यात आणि कोणत्या वाडग्यातले पाणी आधी पिवळे होते, ते मुलांना घड्याळ लावून पाहू द्यावे.